चौथ्या दिवसाचं धुणं

ओली गोधडी किती जड असते हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. ज्या घरात वाढलो त्या घरात दर महिन्याला कुणी ना कुणी ती धूत असणार. आधी आई, मग बहीण, मग बायको. मागच्या अंगणातल्या तारेवर ती वाळताना मी पाहिली होती, तिच्याखालून वाकून सायकल काढली होती. पण ती तिथं कशी जाते, कोण पिळतं, कोण उचलतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ज्या गोष्टीबद्दल मला हे लिहायचं आहे, तिची सुरुवात बहुधा इथूनच होते.

आम्ही नाशिक रोडला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. वडील नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, त्याच्यामागे उघडा व्हरांडा, व्हरांड्याला लागून मोरी आणि तिथून दोन पायऱ्या उतरून छोटं अंगण. घरात आई-वडील, माझी धाकटी बहीण आणि आम्ही दोघं. मी तेव्हा अंबडला एका कारखान्यात लागलो होतो. अंबड तेव्हा नुकतंच उभं राहत होतं. शेडपेक्षा मोकळे प्लॉट जास्त, आणि वाऱ्यानं सगळी माती तोंडावर. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कायमची नोकरी, सरकारी क्वार्टर, सुशील बायको. लोक मला नशीबवान म्हणायचे आणि मीही मानायचो.

आई घोटीकडची. भाताच्या शेतात वाढलेली, आवाज मोठा, हात त्याहून मोठा. वडिलांच्या नोकरीमुळे कॉलनीत आली, पण बोलणं आणि रीतभात तिनं गावाहून आणली ती तशीच ठेवली. आमच्या घरात बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची. मागच्या व्हरांड्यात वेगळी गोधडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. तिला कुणी शिवायचं नाही, तिनं कशाला शिवायचं नाही. कॉलनीतल्या काही घरांतून हे केव्हाच गेलं होतं. आमच्या रांगेतल्या बौद्ध कुटुंबात तर त्याला सरळ हसत. आमच्याकडे मात्र होतं. मला त्याची चीड यायची असं आता लिहिलं तर ते खोटं होईल. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायकोला दिवस गेले होते. मी आनंदात आईला लगेच सांगितलं. आईनं घोटीला निरोप धाडला, शेजारी साखर वाटली. त्यानंतर बायको सिन्नरला माहेरी गेली असताना तिला रक्तस्राव सुरू झाला आणि सगळं संपलं. ती परत आली तेव्हा वाळली होती. आई तिला काही बोलली नाही. पण एका संध्याकाळी स्वयंपाकघरात ती शेजारच्या काकूंना म्हणत होती, "लय घाई केली सांगायची. तोंडघशी पडलो आम्ही." मी बाहेरच्या खोलीत होतो. ते वाक्य माझ्या कानात बसलं. बायकोनं ते ऐकलं की नाही हे मी तिला विचारलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावरून मी माझी आई ठरवून टाकली.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा मीच म्हणालो, "या वेळी तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. घरातही नाही." ती "बरं" म्हणाली. तसा रिवाजही होताच. चोरून ठेवणं फार अवघड नव्हतं. आधीच्या महिन्यात ती भावाच्या लग्नासाठी माहेरी होती, त्यामुळे ती तिकडे बाजूला बसली असेल असं आईनं धरलं होतं. तिला उलट्या होत नव्हत्या. फक्त दुपारी डोळे मिटायचे.

चैत्र संपत आला होता. एका सकाळी कामाला निघताना तिनं मला मोरीच्या दारात थांबवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "डाग दिसलाय."

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. बहिणीला सांगितलं की हिचे डोळे तपासायचे आहेत, आणि आम्ही स्टेशनजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई वयस्क, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं आणि आम्हा दोघांनाही समोर बसवून सांगितलं, "थोडंसं रक्त लागलंय. कधी कधी थांबतं, कधी नाही थांबत. काही दिवस पडून राहा. बादली उचलायची नाही, खाली बसून धुणं नाही. आणि हे नीट ऐका. पोटात कळा येऊ लागल्या किंवा रक्त वाढलं, तर त्याच पावली इथं यायचं. रविवार असो, काही असो. मी मागंच राहते, दार वाजवायचं."

बाहेर आल्यावर बायको आईबद्दल म्हणाली, "आत्याबाईंना सांगून टाकू या का? पडून राहायचं म्हणजे लपणार कसं?"

"आणि पुन्हा काही झालं तर? पुन्हा सगळ्या गावात बोभाटा?"

"त्या बोलतील थोडं. बोलू देत की."

"तू नको काळजी करू. मी बघतो."

मी काय बघितलं ते सांगतो. रिक्षात बसल्यावर मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्याचा मला इतका आनंद झाला की मी हसलो. म्हटलं, "तू बाजूला बस. डाग तर आहेच. आई समजेल नेहमीचं. चार दिवस कुणी तुला काडी उचलायला सांगणार नाही. आयती विश्रांती."

तिनं पदर सावरून रस्त्याकडे तोंड केलं. मग म्हणाली, "अहो, बाजूला बसणं म्हणजे नुसतं बसणं नसतं."

"मग काय असतं?"

"काही नाही," ती म्हणाली.

मी तेव्हा पुढं विचारायला हवं होतं. मला वाटलं ती संकोचली आहे.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, "आत्ताच? बरं, बस. पण कुरडया घालायच्यात येत्या रविवारी, अन् तू नेमकी तेव्हाच." गहू भिजत घातले होते. उन्हाळ्याच्या कामात बाजूला बसलेल्या बाईची सावलीसुद्धा नको, कुरडया लाल पडतात, अशी समजूत होती. म्हणून आईनं तिची गोधडी नेहमीच्या जागेवरून उचलून व्हरांड्याच्या अगदी पलीकडच्या टोकाला, जळणाच्या लाकडांशेजारी टाकायला लावली. बायकोनंच ती उचलून टाकली.

पहिले दोन दिवस बरे गेले. निदान मला तसं वाटलं. ती पडून असायची, जुनी मासिकं वाचायची. मी कामावरून आलो की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून लांबून विचारायचो, आणि ती मान हलवून सांगायची की फार नाही, तेवढंच आहे. बहीण तिच्या ताटात वरून भाकरी टाकायची. एकदा बहीण म्हणाली, "वहिनी, तुझी मजा आहे बाई, आम्ही मरतोय गहू वाटून." बायको हसली आणि माझ्याकडे बघून तिनं डोळे मोठे केले. आम्ही दोघं मिळून सगळ्या घराला फसवतो आहोत याची त्या क्षणी मला गंमत वाटली. आमच्या लग्नात इतकं जवळचं, इतकं दोघांचंच असं फार थोडं होतं.

ताट ती स्वतः घासत होती, आपली लुगडी स्वतः धूत होती, आणि तिच्या बादलीत बहिणीनं वरून पाणी ओतलं की ती भरलेली बादली स्वतःच ओढून नेत होती, हे मी कामावर असताना होत होतं. मी ते पाहिलं नाही.

रविवार उजाडला. कुरडईचा चीक पहाटेच शिजवायला घेतात, कारण तो गरम असतानाच घालावा लागतो आणि पुढं दिवसभराचं ऊन हवं. समोरच्या अंगणात बाजा टाकल्या होत्या, त्यांवर धुतलेल्या चादरी. कॉलनीतल्या चार-पाच बायका आल्या होत्या. या कामात सोऱ्या दाबायला ताकद लागते, म्हणून मला हाताशी धरलं होतं. दर वर्षीच धरायचे.

"काय गं," शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "तुझी सून बरी मुहूर्त बघून बसली!"

"तिच्या हातात हाय का ते? तारीख तिची, कुरडई माझी."

"आणि पोराला जुंपलंस."

"पोराचे हात काय देव्हाऱ्यात ठेवायचेत?"

सगळ्या हसल्या. दुसरी एक म्हणाली, "भाऊ, जोर लाव की. लग्नाच्या आधी एका दमात फुलं पडायची, आता नुसत्या शेवया पडतायत."

"खायला घालत नसंल सून," काकू म्हणाल्या.

मीही हसत होतो. हात भाजत होते, अंगाला घाम. सोऱ्यातला चीक संपला म्हणून मी पातेलं आणायला आत गेलो. स्वयंपाकघरातून व्हरांड्याचं दार उघडंच होतं. ती गोधडीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि पुढं झुकून एका हातानं लाकडाचा ओंडका धरला होता. मला बघून तिनं मान वर केली. ओठ पांढरे पडले होते.

"अहो," ती म्हणाली, "कळा येतायत."

आमच्यामध्ये चार-पाच पावलांची फरशी होती. चुलीपाशी बहीण चीक ढवळत होती. मी दारातून एक पाऊल पुढं टाकलं असावं, कारण ती लगेच ओरडली, "दादा, तिकडे नको जाऊ! शिवलास तर आंघोळ करून यावं लागेल, आणि चीक गार होईल."

बहीण मला थांबवत होती असं म्हणून मी सुटू शकत नाही. तिला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द मला आठवत होता. त्याच पावली यायचं. मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं की हिला दिवस आहेत. तीन शब्द. पण बाहेर बायका होत्या, आईचा आवाज येत होता, आणि आम्ही तीन दिवस जे नाटक केलं ते उघडं पडलं असतं. आई चारचौघींत काय म्हणेल ते मला आधीच ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "थोडं थांब. हे एवढं उरकू दे."

आणि पातेलं उचलून बाहेर गेलो.

नंतर किती वेळ मी सोऱ्या दाबत होतो मला सांगता येणार नाही. ऊन चढेपर्यंत. त्या वेळात बायकांनी आणखी थट्टा केली असेल, मी त्यांना उत्तरं दिली असतील. मध्ये आई आत जाऊन आली आणि म्हणाली, "हिचं पोट लयच दुखतंय. तिसऱ्या दिवशी कसं काय? ओव्याचं पाणी ठेवलंय तिच्यापुढं." ती माझ्याकडे बघून बोलली नव्हती. तरी मी मान खाली घातली.

काम उरकल्यावर, बायका गेल्यावर मी पुन्हा दाराशी गेलो. ती कुशीवर पडली होती. विचारलं, "कसं आहे?"

"कमी आहे आता."

"दवाखान्यात जायचं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नको. कमी आहे म्हटलं ना."

मला हेच ऐकायचं होतं. म्हणून मी ते खरं मानलं आणि आंघोळीला गेलो.

सोमवारी माझी पहिली पाळी. मी निघालो तेव्हा ती झोपलेली होती, की डोळे मिटून पडली होती. कंपनीच्या बसमध्ये मला वाटत होतं की आज चौथा दिवस, उद्यापासून दुसरं काहीतरी कारण काढावं लागेल. कंबर धरली आहे म्हणू. मी कारणं शोधत होतो.

चौथ्या दिवशी काय करायचं असतं ते त्या घरातल्या तिन्ही बायकांना माहीत होतं. डोक्यावरून आंघोळ करायची आणि आपण वापरलेलं सगळं धुवायचं. लुगडी, चादर, गोधडी. त्याशिवाय घरात येता येत नाही. आईनं सकाळी सांगितलं, "धुऊन घे सगळं, मग आत ये. कुरडया वाळतायत, हात लावू नको अजून." माझ्या युक्तीत हे नव्हतं. तिनं रिक्षात मला जे सांगायला सुरुवात केली होती ते हेच होतं. तिला नाही म्हणता आलं असतं, पण त्यासाठी खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं न सांगण्याचं वचन तिनं मला दिलं होतं.

दुपारी परतलो तर घराला कुलूप. काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या, रोजच्यासारख्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझी आई सूनबाईला घेऊन गेलीय. स्टेशनकडच्या बाईंकडे. जा लवकर."

पुढचं मला बहिणीनं सांगितलं ते असं. मोरीवर गोधडी भिजवून, आपटून ती पिळायला उठली आणि तशीच खाली बसली. आईला वाटलं चक्कर आली. जवळ जाऊन बघते तर मोरीतलं पाणी लाल. आईनं क्षणभरही विचार केला नाही. तिला कवेत घेतलं, आपल्या नेसत्या लुगड्याचा पदर तिच्या अंगाखाली घातला आणि ओरडून बहिणीला रिक्षा आणायला पाठवलं. "आईनं वहिनीला शिवायचं नाही असं काही मनात आणलंच नाही," बहीण मला म्हणत होती, जणू तिलाच ते नवल होतं. रिक्षात बायकोनं आईला सगळं सांगितलं.

दवाखान्याच्या बाकावर आई बसली होती. लुगड्यावर पुढं मोठा डाग सुकून काळा झालेला. मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"वाचली," आई म्हणाली. "पिशवी साफ केली बाईनी. निजलीय." मग म्हणाली, "तुला माहीत व्हतं?"

"हो."

"कधीपास्नं?"

"आधीपासून."

"अन् काल तिला कळा येत व्हत्या तवा तू सोऱ्या दाबत बसला व्हतास."

मी होकारार्थी मान हलवली.

"मला का नाय सांगितलंस?"

"तू बोलशील म्हणून."

आई माझ्याकडे बघतच राहिली. तिला राग आलेला मी पुष्कळदा पाहिला होता. हा राग नव्हता. "बोलले असते," ती म्हणाली. "माझं तोंडच तसलं हाय. बोलले असते अन् तिला उचलून खाटंवर निजवली असती. मी काय वाघीण हाय का रे? तुझ्या आधी माझे दोन गेले. तुला कुणी सांगितलं नसंल. बाप्यांना कोण सांगतं. तू राहिलास तवा माझ्या सासूनं मला पेंढ्यावर निजवून ठेवली व्हती, खाटंच्या पायथ्याशी विटा लावून. शेतातली कामं तिनं एकटीनं केली. अन् माझ्या सुनंला मी गोधडी धुवायला लावली."

ती रडायला लागली. आईला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो. ती थोडी बाजूला सरकली. मला जागा करून द्यायला, की नुसतीच, ते कळलं नाही.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी माझ्याशी बोलल्या. त्या म्हणाल्या, "इतक्या लवकर जातं ते बहुतेकदा मुळातच नीट धरलेलं नसतं. तिनं कापसावर झोपून काढलं असतं तरी राहिलं असतं असं मी सांगू शकत नाही. धुण्यामुळे गेलं असं तुमच्या आईनं आणि तुम्ही मनात घेऊ नका." मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. मग त्या चष्मा काढून म्हणाल्या, "पण कळा आल्या तेव्हा आणायला सांगितलं होतं. मूल वाचवायला नव्हतं सांगितलं, बाई वाचवायला सांगितलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी काही करू शकले नसते."

ही दोन्ही वाक्यं मी इतकी वर्षं जवळ बाळगून आहे. पहिल्यानं गोधडी माझ्या माथ्यावरून उतरवली. सोऱ्या उतरवला नाही.

बायको आठवड्याभरानं हिंडू-फिरू लागली. ती माझ्याशी अबोल झाली नाही, भांडली नाही. माझा डबा पहिल्यासारखा वेळेवर भरून मिळायचा. मीच तिच्यापुढं उभं राहायला घाबरायचो. एका दुपारी ती शर्टाला बटण लावत बसली होती, घरात कुणी नव्हतं. मी म्हणालो, "माझं चुकलं." बोलायला सुरुवात केली ती थांबेना. आईची भीती, बायका, बहिणीचं ओरडणं, रविवार. सगळं सांगत सुटलो. तिनं सुई तशीच धरून ऐकून घेतलं.

"तुम्ही आला असतात तरी ते राहिलं नसतं," ती म्हणाली. "बाईंनी मलाही सांगितलंय. पण मी तिथं पडून वाट बघत होते. तुम्ही आत याल, पातेलं न्याल, पुन्हा याल. तुम्ही दोनदा आलात पातेलं न्यायला. दुसऱ्यांदा तर तुम्ही बघितलंही नाही."

मला दुसरी वेळ आठवत नाही. आजही आठवत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. पण तिला आठवतं, म्हणजे मी गेलो असणार.

आमच्या घरात बाजूला बसणं त्यानंतर बंद झालं असं नाही. आईनं तसा काही निर्णय जाहीर केला नाही. ते चालू राहिलं, पण गोधडी आई स्वतः धुवायची. पुढं गुडघे दुखू लागले तेव्हा ती भिजवून ठेवायची आणि मला हाक मारायची. मी पहिल्यांदा ती पिळायला घेतली तेव्हा दोन्ही हातांत मावेना, पायावर पाणी सांडलं, पाठीत कळ आली. मी तशीच अर्धवट पिळलेली तारेवर टाकली. आई म्हणाली, "असू दे, येईल सवय."

दोन वर्षं तशीच गेली. मूल नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं. मग एकदा मार्गशीर्षात आई म्हणाली की तिला माहेरी घोटीला जाऊन यायचं आहे, भात झोडून झालंय, भावाकडे चार दिवस राहीन, गुडघ्यांना शेक घेईन, सोबतीला सुनेला नेते. त्या दोघी गेल्या. चार दिवसांचे आठवडे झाले. मला गैर वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. त्या दोघींचं अलीकडे फार जमत होतं. मी कामावरून आलो की स्वयंपाकघरातलं त्यांचं बोलणं थांबायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण बायकांचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं.

एका रविवारी मी एस.टी.नं घोटीला गेलो. दुपारची वेळ. ती मामाच्या पडवीत खाटेवर निजली होती, अंगावर शाल. मामी म्हणाली, "उन्हाला पडलीय जरा." मी बायकोला म्हणालो, "इथं बराच आराम चाललाय वाटतं." ती म्हणाली, "हो, आत्याबाई उठूच देत नाहीत." आणि हसली. आई चुलीपाशी होती, तिनं तिथूनच विचारलं, "चहा घेणार का जेवणार?" मी जेवलो, मामाशी पिकाबद्दल बोललो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

त्यानंतर महिन्याभरानं त्या परतल्या. पहिल्याच दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. वडील, मी, बहीण. आई वाढत होती आणि बायको भिंतीला टेकून पाटावर बसली होती. आईनं तिला आमच्याबरोबरच बसवलं होतं. एरवी ती मागाहून जेवायची. वडिलांच्या पानात भात वाढून आईनं डाव खाली ठेवला आणि म्हणाली, "सूनबाईला तीन महिने पुरे झाले. बाईंना दाखवून आलोय येताना, समदं ठीक हाय. आता चार लोकांत सांगायला हरकत नाय."

वडील खूष होऊन म्हणाले, "अरे वा!" बहिणीनं उष्ट्या हातानंच वहिनीला मिठी मारली. मी बायकोकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, सूड नव्हता. तिला फक्त या वेळी मूल हवं होतं, आणि ते जपायला कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे तिनं ठरवलं होतं.

ज्यांना आता सांगायला हरकत नव्हती, त्या चार लोकांत मी होतो. "फार छान झालं," मी म्हणालो. आई म्हणाली, "जेव, भात गार होतोय."